जिवतीच्या कागदावरचा वाघ

दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी मंडईत गेले की आघाडा, दूर्वा आणि कापसाची वस्त्रे घेऊन बसलेल्या बायकांजवळ जिवतीचे कागद दगडाखाली दाबून ठेवलेले दिसतात. यंदाही मी एक घेतला. आमच्या घरी हा कागद श्रावणभर देवघराच्या भिंतीवर असतो आणि मी तो लहानपणापासून इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची मांडणी डोळे मिटूनही सांगता येईल. वर एका बाजूस हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह, दुसऱ्या बाजूस कालियाच्या फण्यांवर उभा असलेला कृष्ण, मध्ये मुलांना खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका, आणि खाली हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती.

गेली तीन वर्षे मी लाकूड आणि लिनोलियम कोरून छाप घ्यायला शिकते आहे. तेव्हापासून हा कागद मला पूजेची वस्तू म्हणून जितका जवळचा वाटतो, तितकाच मुद्राचित्र म्हणूनही वाटू लागला आहे. आणि त्याकडे तसे पाहू लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आले ते हे, की मधला खण सोडला तर बाकी प्रत्येक खणात एक प्राणी आहे. सिंह, नाग, हत्ती आणि वाघ. देव त्यांच्यात शिरला आहे, त्यांच्यावर नाचतो आहे किंवा त्यांच्यावर बसून आला आहे. प्राण्यावाचून मात्र तो आलेला नाही.

देवाचे रूप कोरणाऱ्याच्या हाती ठरूनच आलेले असते. हात किती, कोणत्या हातात काय, मुकुट कसा, हे सगळे आधीच्या कागदावरून, मूर्तीवरून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून येते, आणि त्यात बदल करण्याची मुभा त्याला नसते. प्राण्याचे तसे नाही. वाघ चालताना पाऊल कसे टाकतो, त्याचे पट्टे कुठे रुंद होतात आणि कुठे तुटतात, हे कोणत्याही ध्यानश्लोकात सांगितलेले नसते. ते त्याने स्वतः पाहिलेले असावे लागते, नाहीतर दुसऱ्याच्या चित्राकडे पाहावे लागते. म्हणून सृष्टी आणि तिचा कर्ता यांच्याविषयीचे कोणतेही छापील चित्र समोर आले की मी आधी त्यातले प्राणी पाहते. चित्रकाराने निर्मितीकडे किती लक्ष दिले आहे ते तिथे कळते.

आमच्या कागदावरचा हत्ती चांगला आहे. पुढच्या पायाचा गुडघा नेमका वाकतो, कानाची खालची कड जिथे असावी तिथे आहे, आणि शेपटीजवळ कातडीची जी सैल घडी पडते तीही कुणीतरी आठवणीने ठेवली आहे. मूळ चित्र काढणाऱ्याने मिरवणुकीतला हत्ती जवळून पाहिलेला असणार. वाघ मात्र तसा नाही. त्याचे तोंड बोक्यासारखे गोल आहे, आणि पट्टे पाठीवरून पोटाकडे उतरण्याऐवजी मानेपासून शेपटीपर्यंत आडवे धावतात, जणू चटईच्या पट्ट्या. एका छापावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशा नकला होत जाताना वाघ थोडा थोडा निसटत गेला आणि पट्टे तेवढे उरले. तरीही श्रावणातल्या बुधवारी-गुरुवारी आई त्याच वाघाला गंध लावते. नवग्रहांच्या जुन्या वर्णनात बुध सिंहावर बसलेला असतो, पण आपल्याकडे कागदाने त्याला हत्तीवर बसवले आणि घराघरांतल्या बायकांनी त्या हत्तीलाच हळदकुंकू वाहिले. एकदा छापला गेलेला प्राणी असा अधिकार मिळवतो.

याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरून निघाले होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून आपल्या राजाकडे, मॅन्युएलकडे रवाना केला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर जिवंत गेंडा युरोपात आलेला नव्हता. न्यूरेंबर्ग या जर्मन शहरात आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराच्या हाती या प्राण्याचे वर्णन करणारे एक पत्र आणि एक ओबडधोबड रेखाटन आले. तेवढ्या आधारावर त्याने गेंडा काढला आणि त्याच वर्षी तो लाकडी ठशावरून छापून विकायला काढला. खुद्द गेंड्याला मात्र राजाने पुढे पोप दहावा लिओ याच्याकडे नजराणा म्हणून पाठवले आणि १५१६ च्या सुरुवातीस इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही.

या छापाची मोठी प्रत माझ्या टेबलासमोर लावलेली आहे. गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जोडावेत तशा घड्या आहेत, पायांवर खवले आहेत, आणि खांद्यांच्या मध्ये, पाठीवर, एक छोटे पिळदार शिंग आहे, जे कोणत्याही गेंड्याला नसते. ते शिंग पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून फिरत राहिले. लोक याला चूक म्हणतात आणि ती चूक आहेच. पण कोरायला बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर मला वेगळे दिसते. पायावरचा एकेक खवला स्वतंत्र आहे, हनुवटीखालचे केस मोजता येतात, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या वेगळ्या काढल्या आहेत. जो प्राणी आपण पाहिला नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, तोही कुणीतरी असाच बारकाईने घडवलेला असणार, या खात्रीशिवाय एवढे काम होत नाही.

आणि आपल्या पुण्यात मात्र गेंडा समोर उभा होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराने तिथल्या गेंड्याचे चित्र नोव्हेंबर १७९० मध्ये काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. ते हाताने काढलेले चित्र आहे, छाप नव्हे, आणि मला नेहमी वाटते की ते तांब्यावर कोरले जायला हवे होते, कारण त्यासाठी लागणारे कसब त्याच शहरात त्याच काळात तयार होत होते. मॅलेटच्या प्रोत्साहनाने पुण्यातला एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरायला शिकला आणि नाना फडणवीसांनी त्याच्याकडून भगवद्गीता छापून घेण्याचे मनात आणले. १८०० मध्ये नाना गेले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ते काम तडीस गेले आणि १८०५ मध्ये मिरजेत ताम्रपटांवरून गीता छापली गेली.

कसबा पेठेतून जाताना तांबट आळीतले मठारकामाचे ठोके कानावर पडले की मला हटकून गीतेचा दहावा अध्याय आठवतो. घोड्यांमध्ये मी उच्चैःश्रवा, हत्तींमध्ये ऐरावत, गाईंमध्ये कामधेनू, सर्पांमध्ये वासुकी, नागांमध्ये अनंत, श्वापदांमध्ये सिंह, पक्ष्यांमध्ये गरुड, जलचरांमध्ये मगर, असे भगवंत तिथे ओळीने सांगतात. छापण्यासाठी अक्षर उलटे कोरावे लागते. म्हणजे आयुष्यभर हंडे-घागरी घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ही सगळी नावे, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे, एकेक काना-मात्रा उलटी करत तांब्यात उतरवली. चित्र एकही नाही, पण मराठी मुलखात देव आणि प्राणी यांची ही मोठी यादी छापली गेली ती अशी.

तांब्यावरचे कोरकाम कोणत्या पातळीला जाऊ शकते हे पाहायचे असेल तर पुन्हा ड्यूररकडेच जावे लागते. १५०४ मध्ये त्याने कोरलेल्या आदम आणि हव्वा यांच्या चित्रात देव कुठेच नाही. दोघे झाडाच्या दोन बाजूंना उभे आहेत, साप फळ पुढे करतो आहे, आणि त्यांच्या पायाशी व मागे एक सांबरासारखा मोठा एल्क, एक बैल, एक ससा आणि एक मांजर विसावलेले आहेत. आपल्याकडे जसे वात, पित्त, कफ, तसे त्या काळच्या युरोपीय वैद्यकात शरीरातले चार रस मानत आणि त्यांवरून माणसाचे चार स्वभाव. हे चार प्राणी त्या स्वभावांची रूपे आहेत, असे अभ्यासक सांगतात. मला मात्र त्या अर्थापेक्षा मांजर आणि आदमच्या पायाजवळचा उंदीर यांच्यातले वीतभर अंतर महत्त्वाचे वाटते. उंदीर पळत नाही. मांजराची शेपटी हव्वेच्या पायाभोवती सैल पडलेली आहे. फळ अजून खाल्लेले नाही, तोवर सृष्टीत कुणी कुणाला खात नाही, आणि पुढच्या क्षणी हे सगळे मोडणार आहे, हे देवाचे चित्र न काढता केवळ दोन प्राण्यांच्या मधल्या जागेतून सांगितलेले आहे.

डच चित्रकार रेम्ब्रांने १६३८ मध्ये याच प्रसंगाचा छाप केला तेव्हा पाठीमागच्या उन्हात एक छोटा हत्ती ठेवला. हान्स्केन नावाची सिलोनची एक हत्तीण तेव्हा युरोपात गावोगावी फिरवली जात होती आणि आदल्याच वर्षी त्याने तिला समोर पाहून रेखाटले होते. तळहाताएवढ्या छापातला नखाएवढा हत्ती. पण तो पाहिलेला हत्ती आहे, हे लगेच कळते.

या सगळ्यांत मी ज्याच्याकडे सर्वांत अधिक वेळा परत जाते तो छाप विल्यम ब्लेकचा आहे. ब्लेक कवी म्हणून ओळखला जात असला तरी पोटापाण्याचा धंदा म्हणून तो ताम्रकोरक होता. १७७२ पासून सात वर्षे त्याने एका कोरकाकडे उमेदवारी केली होती. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेवरची त्याची चित्रे १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे मृत्यूच्या एक वर्ष आधी. त्यांतल्या पंधराव्या चित्रात वरच्या भागात देव ढगांतून हात खाली करून काहीतरी दाखवतो आहे आणि ईयोब, त्याची बायको व मित्र खाली वाकून पाहत आहेत. खालच्या भागात एक मोठे वर्तुळ आहे. त्यात जमिनीवर बिहेमथ नावाचा अजस्र चतुष्पाद उभा आहे आणि त्याच्याखाली समुद्रात लिव्हायथन वेटोळे घालून उसळतो आहे. ज्याची गुरेढोरे, मुलेबाळे आणि आरोग्य सगळे गेले आहे, त्या माणसाने देवाला कारण विचारले, आणि देव उत्तर म्हणून त्याला प्राणी दाखवतो. मूळ वचनाचा आशय असा आहे की, हा बिहेमथ पाहा, तुला घडवले तसा मी यालाही घडवला आहे.

हे उत्तर पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पटले नव्हते. कोरायला लागल्यावर ते थोडे कळले. या चित्रांसाठी ब्लेकने आम्लाचा आधार न घेता थेट ब्युरिनने, म्हणजे टोकदार पोलादी हत्याराने, तांबे कापले. बिहेमथच्या बरगड्यांवरून रेषा कशा वळतात ते भिंगातून पाहिले तर त्या केवळ सावली दाखवत नाहीत. शरीर आतून फुगवल्यासारख्या त्या बाहेर येतात, पोटाशी दाट होतात आणि मानेशी उघडतात. त्याच्या अंगावरच्या पत्र्यांसारख्या घड्या पाहून मला ड्यूररचा गेंडाच आठवतो. वर्तुळाच्या बाहेर, चित्राच्या चौकटीत, दाढीवाले लेखक देवाचे शब्द टिपून घेत बसले आहेत. मला वाटते ब्लेकही त्यांच्यातलाच एक आहे, फक्त त्याच्या हातात बोरूऐवजी ब्युरिन आहे.

या छापाशेजारी मी मनातल्या मनात नेहमी वराह ठेवते. ब्लेकच्या चित्रात देव वर आहे आणि बोटाने प्राणी दाखवतो. आपल्या दशावतारांच्या कोणत्याही छापील कागदावर तो आधी मासा होतो, मग कासव, मग रानडुक्कर, मग अर्धा सिंह, आणि त्यानंतरच पूर्ण माणूस. बृहदारण्यकोपनिषदात तर निर्मितीची हकीकतच प्राण्यांतून पुढे सरकते. एकट्या आदिपुरुषापासून जोडी होते, त्यातली स्त्री त्याच्यापासून लपण्यासाठी गाय होते तर तो बैल होतो, ती घोडी होते तर तो घोडा, ती शेळी होते तर तो बोकड, आणि असे करत करत मुंगीपर्यंत सगळ्या जोड्या जन्माला येतात. मुंगीपर्यंत हा शब्द मला फार प्रिय आहे. सृष्टीचे चित्र कोरायला बसणाऱ्याने कुठे थांबायचे नाही, ते त्यात सांगितले आहे.

पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेली चित्रशाळा आणि पुढे मळवलीला गेलेला रविवर्मा छापखाना यांच्याविषयी इथे लिहायला हवे, कारण शिळाछापावरचे रंगीत देव घराघरांत नेले ते अशा छापखान्यांनी. लक्ष्मीच्या मागचा, सोंडेत हार धरलेला हत्ती, सरस्वतीजवळचा मोर, हे सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्या चित्रांत प्राणी देवाच्या बैठकीचा भाग होऊन राहतात. त्यांच्याकडे पाहायला कुणी थांबत नाही. स्वस्त, भडक रंगांत छापलेल्या जिवतीच्या कागदावर त्यांना अधिक जागा आहे, असे माझे मत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी पहिला गणपती कोरला. आमच्या देवघरातली मूर्ती डाव्या सोंडेची आहे, तिच्याकडे पाहत लिनोलियमवर रेखाटन केले आणि तीन आठवडे संध्याकाळी बसून कोरले. सोंडेवरच्या वळ्या चांगल्या साधल्या होत्या. शाईचा रोलर फिरवला, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलून पाहिले तर सोंड उजवीकडे. छाप उलटा येतो हे मला ठाऊक होते, अक्षरे मी आठवणीने उलटी कोरली होती; पण मूर्तीकडे पाहताना हात समोर दिसेल तसाच चालला. आईने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अगं, उजव्या सोंडेचा आहे. याचं सोवळं आपल्याकडून व्हायचं नाही." तिने तो दुमडला नाही, कपाटात वेगळ्या ठिकाणी ठेवला. मला वाईट वाटले, पण त्याच दिवशी एक गोष्ट कायमची समजली. कागदावर छापलेली हत्तीची सोंडही तिच्यासाठी जिवंत सोंड होती. ती कोणत्या बाजूला वळते यावर घरातले वागणे बदलणार होते. त्यानंतर मी प्रत्येक रेखाटन आधी ट्रेसिंग कागदावर काढते, तो पालथा करते, आणि मगच लिनोलियमवर उतरवते.

यंदा मी जिवतीचा अख्खा कागद स्वतः कोरायचा ठरवला. नरसिंह, कृष्ण, जिवती यांच्या बाबतीत जुन्या मांडणीला हात लावला नाही. वाघासाठी मात्र जून महिन्यातले चार रविवार कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले. पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना गेला, पुढे पेशवे पार्क झाले आणि कात्रजचे संग्रहालय झाल्यावर तिथले प्राणी इकडे आले. गंगाराम ज्या कामासाठी पर्वतीच्या पायथ्याशी जात असे, त्याच कामासाठी मी कात्रजला जाते आहे, हे मनात होते. पहिले दोन रविवार वाघ झाडाखाली पाठ करून झोपलेला होता. तिसऱ्या रविवारी पाऊस भुरभुरत होता आणि तो जाळीच्या कडेने सलग चालत राहिला. तेव्हा पाहिले की पट्टे पाठीच्या कण्यापासून बरगड्यांवर उतरतात, मध्येच दुभंगतात, पोटाकडे जाताना अणकुचीदार होत विरतात, आणि दोन्ही कुशींवरचे पट्टे एकसारखे नसतात. चालताना खांद्याचे हाड वर आले की तिथले पट्टे एकमेकांजवळ येत आणि पाऊल पडले की पुन्हा दूर जात.

लिनोलियममध्ये जे कोरून काढतो ते कागदावर कोरे राहते आणि जे ठेवतो ते काळे उमटते. म्हणजे पट्टा कोरता येत नाही. पट्ट्याभोवतीचा वाघ काढून टाकावा लागतो, आणि शेवटी पट्टे उरतात. डाव्या कुशीला सहा रात्री लागल्या. बृहस्पतीचा पाय जिथे वाघाच्या पाठीवरून खाली येतो, तिथला एक पट्टा हत्यार निसटून तुटला. तो तसाच ठेवला.

पहिले पाच छाप अवसेच्या दोन दिवस आधी काढले आणि गच्चीतल्या दोरीला चिमट्यांनी लावले. बुध डावीकडे, बृहस्पती उजवीकडे, सोंड आणि तोंडे जिकडे हवी तिकडे आली आहेत. तेलाची शाई पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, आणि वाघावर ती सर्वांत दाट बसली होती. पहिल्या शुक्रवारी सकाळी आईने त्यातला एक छाप देवघराच्या भिंतीवर, मंडईतून आणलेल्या कागदाच्या शेजारी लावला. आघाड्याची माळ तिने दोन्ही कागदांना मिळून एकच घातली, पुरणाचा दिवा ओवाळला, आणि हळदकुंकू वाहताना माझ्या वाघापाशी बोट थांबवून विचारले, "वाळला का गं हा?" मी कोपऱ्याला हलकेच बोट लावून पाहिले. शाई अजून बोटाला लागत होती. तेव्हा तिने कुंकू वाघाच्या पावलाखाली, कोऱ्या कागदावर लावले.